शंभराव्या वर्षापासून मागे

माझं काम शंभराव्या वर्षापासून सुरू होतं.
तिथे कुणालाच उद्या नसतो,
म्हणून प्रश्न सोपा: आहे ते खाऊन टाका.
मग नव्व्याण्णव. मग अठ्ठ्याण्णव.
स्वेटर उसवावा तशी एकेक वर्ष उसवत
मी पंचविसाव्यापर्यंत येते,
जिथे एक जोडपं हेगमधल्या भाड्याच्या खोलीत
पहिला पगार घेऊन उभं असतं
आणि त्याला पुढचं सगळं आयुष्य पाठ असतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात.
माझ्या माणसांना अंथरुणाची लांबी
दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत ठाऊक आहे.
अशी चाळीस हजार घरं.
एकाही घरात कुणी दार आपटून बाहेर जात नाही.

परवा मंत्रालयातून विचारणा आली:
निवृत्तीचं वय दोन वर्षं पुढे ढकललं तर?
मी एक आकडा बदलला,
एन्टर दाबलं, कॉफी आणायला गेले.
परतले तोवर चाळीस हजार घरांनी
आपापला जन्म नव्याने आखला होता.
तिशीतल्या बायका आठवड्याला दीड तास जास्त राबत होत्या,
पन्नाशीतले पुरुष महिन्याला त्रेसष्ट युरो बाजूला टाकत होते.
कुरकुर नाही, मोर्चा नाही.
घर क्रमांक ४११७ ने न्हाणीघराची फरशी बदलणं रद्द केलं.
खरं तर मॉडेलमध्ये फरशी नाही,
‘टिकाऊ वस्तू’ असा नुसता रकाना आहे.
फरशी मी घातली.

४११७ मी रोज उघडून बघते.
नवरा जहाजदुरुस्तीत, बायको अर्धवेळ, एक मुलगी.
हार्लिंगेनचं आमचं घर असंच.
वडलांना आम्ही फ्रिजियन लोक हाइत म्हणतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी हाइतने काम तीन दिवसांवर आणलं
आणि तीस वर्षांच्या शिलकीतून
एक जुनी कॅरव्हॅन घेतली,
पिवळट, छपरातून गळणारी, आत कुणाच्या तरी कुत्र्याचा वास.
मी तेव्हा अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला.
कागद घेऊन बसले,
त्याची चूक त्याला वक्ररेषा काढून दाखवली.
“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला,
आणि मला शिडी धरायला लावून
छपराला डांबर फासत बसला.

पाच उन्हाळे.
झीलंडचा किनारा, आर्देनचं जंगल,
एकदा थेट जटलंड,
जिथे तीन दिवस पाऊस थांबला नाही
आणि आई पत्त्यांत त्याला हरवत राहिली.

माझ्या मृत्यूच्या तक्त्यात
त्रेसष्टाव्या वयासमोर लिहिलंय:
हजारात आठ.

४११७ ला कॅरव्हॅन घ्यायला लावायची म्हणून
मी त्याचा उतावळेपणा वाढवून पाहिला.
घर चाळिशीतच कर्जात बुडालं.
थोडा कमी केला,
तर दर शनिवारी हॉटेलात जेवू लागलं.
तीस वर्षं पै-पै जोडून
मग एका मंगळवारी गळकं छप्पर विकत घेणारा माणूस
कुठल्याच आकड्याला येईना.

आईला फोन केला.
त्याला आतून काही कळलं होतं का गं?
“छे! त्याला पाऊस कधी येणार तेही कळत नसे.”
मग का घेतली?
“येल्मर विकत होता. स्वस्तात देत होता.”

अहवालाच्या शेचाळिसाव्या पानावर
मी एक तळटीप टाकली:
काही घरं या चौकटीत बसत नाहीत.
रूलोफने पेन्सिलीने विचारलं, किती?
एक, मी लिहिलं.
मग गाळ, त्याने लिहिलं,
आणि त्याचं बरोबरच होतं.

कॅरव्हॅन अजून आईच्या परसात आहे.
ती त्यात बटाटे ठेवते.
सोमवारी सत्तर वय घालून बघायचंय.