मुळ्यांची रात्र, जालना

बियाण्याच्या प्लॉटवर माझं काम एवढंच:
जो मुळा सरळ नाही, तो उपटायचा.
दोन पायांचा, वाकडा, गाठाळ, मिशाळ.
रजिस्टरात त्याला फक्त आकडा असतो.
बदनापूर, पट्टा चार, बाद एकशे बारा.

बांधावर ढीग पडतो, शेळ्यावाले नेतात.
या डिसेंबरात पिकअप घेऊन आला
थिओफिल आढाव,
लग्नांत काकडीचे मोर मांडणारा,
जहाजाच्या भटारखान्यात सहा वर्षं काढलेला.
म्हणाला, “सरळ एक बी नको. वाकडेच दे.”

मेक्सिकोत, ओआहाका नावाच्या गावी,
नाताळाच्या दोन दिवस आधी
मुळे कोरून मांडतात म्हणे चौकात,
आणि बघणाऱ्यांची रांग हलता हलत नाही.
“तिथं एका म्हाताऱ्यानं मला सुरी दिली.
त्याची भाषा मला येईना, माझी त्याला.
मुळा तेवढा दोघांना येत होता.”

तेवीस तारखेला मिशन कंपाउंडात गेलो,
मफलर कानावरून घेऊन, जरा संकोचत.
मांडवाचे बल्ब, ओलं गोणपाट,
आणि उग्र, नाकात चढणारा वास,
माझ्या रोजच्या हातांचा.

लाल मुळ्याचा लाल कंधारी बैल,
त्याची वशिंड म्हणजे एक जुनी गाठ.
तीन मागी; एकाच्या हातात सोनं, एकाच्या ऊद,
तिसऱ्याच्या चक्क मोसंबी.
“गंधरस कसा कोरायचा?” रूथमावशी म्हणाल्या,
“आणि जालन्यावरून आला असंल तर
मोसंबीच आणली असंल की त्यानं.”

शेरॉन, नऊ वर्षांची,
फवारणीचा छोटा पंप धुऊन घेतलेला,
सगळ्यांवर पाणी मारत फिरत होती.
नाहीतर काळे पडतात, तिनं मला बजावलं,
आणि चुकून माझ्या चपलांवरही मारलं.

मग मरीया दिसली.
दोन फाटे फुटलेला मुळा, गुडघे मुडपून बसलेला.
पट्टा चारमधली. ओळखली मी.
याच हातानं उपटली होती.
आता सालीचा पदर डोक्यावर,
आतून पांढरीशुभ्र.

मी मूळ नक्षत्रावरचा.
सत्तावीस दिवस बापानं तोंड पाहिलं नाही माझं,
मग पाहिलं ते तुपाच्या वाटीत,
हलणारं.
हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.
चहा आला, तो घेतला.
दहाच्या बसनं परत.

सकाळी थिओफिलचा फोन:
रात्री कंपाउंडात शेळी शिरली,
बैल सोडला, मागी सोडले,
नेमकं गव्हाणीतलं बाळ खाल्लं.
मला काय बोलावं सुचेना.
तो मात्र हसत होता, घसा बसलेल्या आवाजात:
“अरे, तो त्याच्यासाठीच तर आला होता.”

प्लॉटवर दव होतं.
रजिस्टर उघडलं, तारीख घातली.
पहिल्याच ओळीत एक वाकडा.
उपटला.
माती झटकली,
आणि किती तरी वेळ
त्याचं तोंड कुठल्या बाजूला असेल
ते बघत राहिलो.