नाव घालणारा

श्रीलता मोबाईल माझ्या नाकाशी धरते.
"ताता, बघा की, खरी का खोटी?"
निळ्या काचेची फुलदाणी, पालथी,
बुडावर सही: एन. बामजी, चौसष्ट.
किंमत पंच्याऐंशी हजार. डिलिव्हरी फुकट.

मी चष्मा धोतराला पुसतो.
ऊन असं, की शेजारच्या पत्र्याखालचा माग
दोन फेऱ्या टाकून दम खातोय.

आधी सही वाचू नको, मी सांगतो.
नाव वाचलं की डोळा फितूर होतो.
आधी बूड बघ.
साठ वर्षं फळीवर सरकलेली वस्तू,
धूळ पुसायला उचललेली, परत ठेवलेली,
तिच्या बुडावर तांदळाच्या धुवणासारखी
पांढुरकी झाक येते, बारीक ओरखड्यांची.
खरी सही त्या ओरखड्यांच्या खाली असते.
ही वर आहे.
चिमटीनं मोठं कर. 'बी'चं पोट बघ,
ओरखडा कापून पलीकडं गेलंय.
आधी म्हातारपण आणि मग बारसं,
असं असतंय का गं कधी?

आणि वेग.
स्वतःचं नाव कुणी जपून लिहीत नाही,
पगाराच्या रजिस्टरात माणूस निम्मी अक्षरं गिळतो.
हा एकेक अक्षर चाचपत चाललाय,
परक्या घरात दिवे गेल्यासारखा.

तिला पटतं. घेणारा तिच्या ऑफिसातला साहेब,
तिकडं पुण्यात उत्तराची वाट बघतोय.
"अजून मोठं कर," मी म्हणतो.
कशाला म्हणालो.

शेवटच्या अक्षराला शेपटी आहे.
वर वळलेली, विंचवाच्या पिल्लासारखी.
स्टीलवर सुई घसरते,
उचलताना मनगटाला झटका द्यावा लागतो, एवढासा.
मंगळवार पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
एकतीस वर्षं मी तो झटका दिला.
आहेराची ताटं, डबे, पिंपं,
बोल्ली, येमूल, शेख, बिराजदार,
अक्षराला चार आणे, मग आठ आणे, मग रुपया.
या गावात निम्म्या मांडण्यांवर माझी शेपटी आहे.

गड्ड्याचे दिवस होते. सफारीतला माणूस.
अकरा फुलदाण्या, आपल्याच चादरीत गुंडाळलेल्या,
आणि चिठ्ठीवर एक नाव. "असंच्या असं पाहिजे."
बामजी म्हणजे तुम्हीच का ओ? मी विचारलं.
तो हसला. मी ते हो धरलं.
काच पहिल्यांदाच. श्वास रोखून केलं.
अक्षराला पाच रुपये, वर चहा.

मला काय माहीत.
आमच्यात नाव घालतात ते मालकाचं,
ताट हरवलं, लग्नघरात अदलाबदल झाली, तर ओळखू यावं म्हणून.
करणाऱ्याचंही घालतात, हे कोण सांगणार होतं?
माझ्या नान्नानं चाळीस वर्षं चादरी विणल्या.
मोराचा पिसारा तो न बघता उतरवायचा.
कोपऱ्यात लेबल असायचं, कारखान्याचं.

"ताता, काय कळवू?"
"खोटी आहे. घेऊ नका म्हणाव."
ती टाईप करायला लागते.
"काम मात्र चांगलंय," मी म्हणतो.
ती मान वर करते,
खोट्याचं कौतुक कसलं, असं बघते,
मग पंख्याखाली जाऊन बसते.

मी मोरीतला तांबा फिरवून बघतो.
चि. सौ. कां. भूलक्ष्मी.
चिंच आणि राखेनं घासून घासून
'भू' जवळजवळ गेलाय.
ओरखडे सगळे नावावरून गेलेत.
अंगठा फिरवतो. शेवटी लागते ती, बारीक, अजून टोचणारी.

अकरा होत्या.
ही एक.