बिनकथेचा भाव

अंबाजोगाईत, मंडी बाजाराच्या मागं,
पांपटवारांच्या दुकानात
एक बाराबोअर ठेवलीय हिरव्या मखमलीवर.
बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या,
रॉकेलच्या रांगेत उभ्या असाव्यात तशा.

"हात लावून बघा हवालदार.
निजामाच्या खास अंगरक्षकांची.
पोलीस ॲक्शनच्या रात्री किल्ल्यातून निघाली
ती तीन हात फिरून माझ्याकडं."
लिंबराज कानात बोलला:
मामा, मागच्या दसऱ्याला हीच कमांडोची होती.

लिंबराजला एटीएमवर उभं राहायचंय.
स्वतःची बंदूक असली की पगार चार हजारानं जास्त.
कलेक्टर कचेरीत तीन वर्षं चपला झिजवल्या
तेव्हा कुठं लायसन झालं.

मी चष्मा लावला.
सत्तावीस वर्षं हेच केलं,
नळी उजेडाकडं धरायची आणि एक डोळा मिटायचा.
हत्यार बोलतं. फक्त दुकानदारासारखं नाही.

ही अक्षरं बघा, ओळीत नाहीत.
भोवती सगळं जुनं काळं पडलेलं
आणि खाचेत पोलाद पांढरं,
नुकत्याच निवडलेल्या ज्वारीसारखं.
शिक्क्यातला वाघ
वाघ कमी, बोका जास्त.
दस्ता बाभळीचा.
राजाच्या माणसाला अक्रोड मिळाला नाही काय?
आणि फौज, पांपटवार, म्हातारी हत्यारं बाजारात मांडत नाही.
मी स्वतः कापलीत, गॅसच्या ज्योतीवर,
तीन तीन तुकडे, वजन करून, सही करून.

"पण कागद हाय की!"
कागद चहात बुडवून वाळवलेला.
कोपऱ्यात बशीची गोल खूण तेवढी पुसायची राहिली.

तरी मी ती खाली ठेवली नाही.
पॉलिशखाली, दस्त्याच्या डाव्या अंगाला
एक खोलगट झीज. गालाची नव्हे, मांडीची.
कुणीतरी वर्षानुवर्षं हिला आडवी टाकून बसलेला,
जिनिंगच्या फाटकात, सरकीच्या ढिगाशेजारी.
पट्ट्याची कडी घासून पातळ.
घोडा जवळजवळ कोरा.
आणि कडेच्या फटीत, घट्ट बसलेला,
चुना.

एवढ्या जन्मात बार पाच-सात,
तेही बहुतेक दिवाळीत.
चांगली बंदूक आहे, मी म्हणालो.
जागी राहिली, बस्स.
वाघाचे पैसे वजा करा.

पांपटवारांनी चहा सांगितला, मग पंखा लावला,
मग आपल्या पोरीच्या लग्नाचं काढलं.
शेवटी भाव निम्म्यावर आला.
वाघ फुकट.

काळ्या-पिवळीत लिंबराज म्हणाला,
"मामा, तिथल्या गार्डांना सांगू का
निजामाची हाय म्हणून? वजन पडतंय."
मी तोंड उघडलं होतं.

फाट्यावर माझा फ्लेक्स अजून लटकतोय,
दोन प्रजासत्ताक दिनांपूर्वीचा.
कुणाच्या तरी छातीवर, कुणाच्या तरी लाल टोपीखाली
माझं तोंड चिकटवलेलं.
पॅरा कमांडो इराबाजी.
मी पत्र्याच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करायचो,
आधी जबलपूर, मग पठाणकोट.
कोपरापर्यंत तेल.
माणसावर एकही गोळी नाही.
पोरांनी हौसेनं छापलं.
शाळेत बोलावतात, नारळ देतात,
पोरं विचारतात किती मारले,
आणि मी त्यांना पाढे विचारतो.
शब्द चुकलाय
असं मी अजून कुणाला म्हणालो नाही.

गाडी थांबली.
लिंबराजनं पोत्यात गुंडाळलेली बंदूक खांद्यावर घेतली,
वर फडफडणाऱ्या टोपीकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
काही बोलला नाही पोरगा.

मी खिशातली डबी काढली.
अंगठ्यावर जरासा चुना घेतला,
आणि मळत राहिलो.