दोन क्रोनर

सभागृहाच्या काचांवर वाफ. फेब्रुवारीची संध्याकाळ.
दोनशे बारा घरांच्या पाणीसंस्थेची वार्षिक सभा,
आलेत एकतीस जण; त्यांतले चार केकसाठी,
हे मी इतिवृत्तात लिहिणार नाही.

विषय पहिला: मागील इतिवृत्त कायम.
विषय दुसरा: पंपाची दुरुस्ती, खर्च मंजूर.
तिसरा आला तेव्हा
प्रेबेनने चष्मा पुसला, घातला, काढून पुन्हा पुसला.

दोन नंबरच्या विहिरीत काहीतरी सापडलंय.
नाव इतकं लांब की मी तीनदा खोडून लिहिलं.
वास नाही, रंग नाही, चव नाही.
प्रयोगशाळेच्या कागदावर एक शून्य, स्वल्पविराम,
आणि त्यापुढचा आकडा मर्यादेच्या किंचित पलीकडे,
उंबऱ्यात एक पाय टाकून उभ्या पाहुण्यासारखा.

"बीटवरचं औषध," प्रेबेन म्हणाला.
"बंद होऊन पंचवीस वर्षं झाली.
पाणी सावकाश मुरतं."

थोर्किल्डकडे कुणी पाहिलं नाही.
म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.
विहिरीच्या उशाशी त्याचं शेत, बीट त्याच्या वडिलांचं.
डब्यावर सरकारी शिक्का होता, तो म्हणाला,
शिक्क्याखाली मात्रा छापलेली,
आणि म्हातारा मात्रेला काटेकोर. चमचाभर जास्त नाही.
मग कॉफीत साखरेचे दोन खडे टाकून
ढवळत राहिला,
ते विरघळल्यावरही कितीतरी वेळ.
त्या साखरेवरच तर गावात छपरं चढली;
माझ्या शाळेचंही.

ठराव असा:
दर घनमीटरला दोन क्रोनर वाढ.
त्यातून विहिरीभोवतीची चौदा हेक्टर जमीन
तीस वर्षं मोकळी. नांगर नाही, फवारा नाही.
ओक लावायचे, बीच लावायचे, वाट पाहायची.
शेतमालकाला मोबदला.
उरलेली रक्कम नगरपालिका देईल असं पत्र आहे.
पत्रात 'शक्यतो' हा शब्दही आहे.
तो मी अधोरेखित केला.

आग्नेटे उठली: घाण कुणाची, भुर्दंड कुणाला?
खुर्च्या करकरल्या.
मागून एक तरुण आवाज: मग आणखी खोल जाऊ.
"जाऊ," प्रेबेन म्हणाला, "तिथलं पाणी
माझ्या पणजोबाच्या टोपीवर पडलेल्या पावसाचं.
ते उपसलं की खाली फक्त खडू."
खडूशी माझं चाळीस वर्षांचं नातं.
फळ्यावर जे लिहावं ते टिकत नाही, एवढंच शिकले त्याच्याकडून.

पैसा पाण्यासारखा गेला म्हणतात लोक.
इथे तो थेंबाथेंबाने मोजायचा होता:
घरटी महिन्याला सोळा क्रोनर, कुणीतरी फोनवर हिशेब केला,
साधारण अर्ध्या पावाची किंमत.
अर्ध्या पावावर आम्ही पाऊण तास भांडलो.
आग्नेटेचा प्रश्न तसाच राहिला, टेबलावर, केकच्या चुऱ्यात.

मग थोर्किल्ड म्हणाला, मोबदला तुटपुंजा आहे.
लिहून घे.
मी लिहून घेतलं.
आणि मतदानाला सगळ्यांत आधी हात त्याचाच वर,
कोपरात किंचित वाकलेला,
एखादं वाहन थांबवावं तसा.

एकोणीस विरुद्ध अकरा.
तटस्थ एक: तो केक कापत होता.

घरी आले. पाण्याचा ग्लास भरला, दिव्यासमोर धरला.
दिसणार काय होतं?
हे पाणी ढगात होतं तेव्हा
मी तिसरीच्या वर्गाला भागाकार शिकवत असेन,
खिडकीबाहेर थोर्किल्डचे वडील ट्रॅक्टरवरून हात हलवत.
आम्ही सगळे हात हलवायचो.

इतिवृत्ताखाली सही केली. तारीख घातली.
साल लिहिताना पेन थांबलं,
त्यात तीस मिळवून पाहिले, वय धरून,
आणि बेरीज खोडली.
मग ग्लास विसळून पालथा घातला,
त्याच पाण्याने.