फॅमिली रूम

शुक्रवारी पहाटे पावणेपाचला
दारसेतच्या उतारावर मी बुटाची नाडी दुसऱ्यांदा बांधते.
जुलै आहे. चष्म्यावर लगेच वाफ.
कुणी घाईत कुकर उघडावा
आणि मी नेमकं आत डोकवावं, अशी हवा.

मकरंद झोपलाय, एसीखाली, डोक्यावरून पांघरूण.
पाच दिवस मी डबे भरते,
पाच दिवस रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
शुक्रवारी मी बाहेर असते.

बाहेर.
मिरजेच्या घरात हा शब्द आवाज उतरवून यायचा.
बाहेरचं खाऊ नये. बाहेरचं वारं लागतं.
महिन्याचे चार दिवस आई बाहेर बसायची,
घरातच, जिन्याखाली,
आणि तिचं ताट आम्ही लांबून सरकवायचो.

घड्याळ अंतर मोजतं, मोजू दे.
माझा हिशेब वेगळा:
अफगाणी रोटीवाल्याच्या पेटत्या तंदूरपर्यंत एक,
रात्रीच्या मिशकाकचा धूर जिथे अजून भिंतीला चिकटलाय
तिथपर्यंत दुसरा,
मग मत्रहचा मासळीबाजार, सुरमईचे खोके, बर्फाचं पाणी रस्त्यावर,
पाय जपून.
तिथून रियामपर्यंत नुसता समुद्र.
खायला काहीच नाही,
आणि पोटऱ्या नेमक्या तिथेच बोलायला लागतात.

समोरून खलफानचाचा येतात, सत्तरीचे,
डोक्याला कुम्मा, हातात तस्बीह.
माझ्याकडे बघून दोन बोटं वर करतात: दुसरी फेरी.
मी एक दाखवते.
ते हसतात. दर शुक्रवारी हेच.

परतताना नूर अल-वादी कॅफेटेरिया.
बायकांसाठी मागे फॅमिली रूम:
एक टेबल, एक बेसिन, मरून पडदा, त्याची एक कडी तुटकी.
फॅमिली म्हणजे मी.
चारशे बैसात पराठा, आत चीज,
आत चुरलेले चिप्स, वर लाल सॉस,
शंभर बैसात करक, वेलचीचा, दाट, जीभ पोळणारा.
घड्याळ म्हणतं पाचशे ऐंशी कॅलरी जळल्या.
पराठा म्हणतो, बरं.

उरलेला चढ मी भरल्या पोटीही धावते.
हा निव्वळ हट्ट आहे, व्यायाम नव्हे.

गेल्या शुक्रवारी त्या चढावर
मागे पावलं वाजली.
फट् फट् फट् फट्.
रस्ता रिकामा. दिवे नुकते विझलेले.
मी वेग वाढवला.
पावलांनीही.
मी वळले नाही, मिरजेत शिकले होते वळायचं नाही,
नुसती धावले,
पराठा घशाशी, करक डोळ्यांत,
चार वर्षांत धावले नव्हते अशी.

मग कुणीतरी मला सहज मागे टाकलं
आणि पुढे जाऊन उभं राहिलं.
जसीर. कॅफेटेरियातला.
अंगात एप्रन, पायात रबरी स्लिपर,
हातात माझा फोन.
"चेची, टेबल पे रह गया."
धाप नाही. कपाळावर घाम नाही.

मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.
बेचाळीस रियालचे बूट जवळून दिसले.
"तू... दौडता है क्या?"
"सुबह चार बजे से," तो म्हणाला, "बारा टेबल."
आणि उतारावरून पळाला,
दूध गॅसवर होतं.

घरी येऊन घड्याळ पाहिलं:
शेवटचा किलोमीटर, पाच मिनिटं बावन्न सेकंद.
माझा आजवरचा विक्रम.
मकरंदला सांगितला.
कसा घडला ते नाही सांगितलं.

आज पडद्यापर्यंत गेले आणि परत आले.
फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले,
टॅक्सीवाल्यांच्या शेजारी.
दोघांनी पाहिलं, मग आपापल्या अंड्यात पाव बुडवला.
"अंदर एसी है, चेची," जसीर म्हणाला.
"है," म्हटलं.
खुर्ची दवाने ओली. पाठ आधीच भिजलेली.
हनुवटीवर सॉस आला असावा,
पुसला नाही,
कारण दुसरा पराठा सांगायचा होता
आणि तो कुणाच्या तरी टेबलाकडे निघाला होता,
त्याला गाठायचं होतं.