घटक नियोजन, नववी ब

दहा जूनपर्यंत द्यायचाय तक्ता.
छापील रकाने पाच :
घटक, तासिका, उद्दिष्टे, साधने, मूल्यमापन.
सहावा मी आखलाय, पट्टीने, पेन्सिलीने,
म्हणजे निकुंभ सर काही बोललेच
तर खोडता येईल.

प्रयोगशाळेत मी एकटी. सुट्टीची धूळ बाकांवर,
फॉर्मॅलिनच्या बरणीत बावीस वर्षांचा बेडूक,
खिडकीबाहेर मखमलाबादची एक उरलेली द्राक्षबाग
आणि तिच्या बांधापर्यंत आलेल्या सळया.

गेल्या वर्षी हीच मुलं आठवीत होती. पेशी, तासिका चार.
कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरून मी म्हणाले,
बघा, विटांची भिंत.
सत्तावन्न मुलं, सूक्ष्मदर्शक एक, आरसा तडकलेला.
शार्दूल कुलथेने डोळा लावताच विचारलं,
केंद्रकाच्या आत काय? आणि त्याच्याही आत?
मागोमाग तन्वीर पिंजारी.
त्याला दिसत नाही, हे वर्गाला पहिलीपासून ठाऊक.
तरी तो रांगेत उभा राहिला, सगळ्यांसारखा,
पाळी आली तेव्हा वाकून भिंगाला डोळा टेकवला
आणि म्हणाला,
"बाई, गार आहे."

कुणी हसलं नाही.

मग मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली,
प्रत्येक घरात एकेक साबुदाणा, केंद्रक म्हणून.
तन्वीरचं बोट सुतळीवरून हळूहळू फिरलं,
दोन घरांच्या मध्ये थांबलं :
"ही भिंत दोघांची मिळून एक, का ज्याची त्याची वेगळी?"
सोळा वर्षं शिकवतेय पेशी.
डोळे असलेल्या कुणी हे विचारलं नव्हतं.
मीही नाही.

यंदा ऊती. साधने : सुतळी, राजमा, बाजरी,
भेंडीचा आडवा काप, शाई.
(शिसपेन्सिलीत : आधी स्वतः डोळे मिटून करून बघ.)

आता संप्रेरके.
हिरा गावित अक्षराला अक्षर जोडून वाचते,
ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात सुटते.
घटक चाचणीत वीसपैकी दोन, तेही जोड्या लावामधले.
जानेवारीत मी सहज बोलून गेले,
जिबरेलिनने फळ मोठं होतं.
मागच्या बाकावरून आवाज आला,
"बाई, म्हंजे जीए का?"
ती उठली. डाव्या हातात नसलेला मग धरला,
उजव्या हाताने नसलेला घड त्यात बुडवला, झटकला.
"पयल्यांदा देल्यावर घड मोकळा होतो,
मंग मणी फुगतो. लई कडक देला
त देठ लाकडावानी होतो, गिऱ्हाईक घेत नाही."
शार्दूलने वहीत लिहिता लिहिता विचारलं, किती पीपीएम?
"ते मालक टाकतो. मला पुडी म्हाईत, आकडा नाही."

त्याला आकडा माहीत होता. पुडी नाही.
दोघांना एका बाकावर बसवलं, ते भांडले,
मग पुस्तकातली आकृती चुकीची आहे यावर
दोघांचं एकमत झालं.

पण हजेरीपट काढून बघितला :
नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढचा महिनाभर
हिराच्या नावापुढे गै, गै, गै.
ज्या दिवसांत तिचे हात हा धडा गिरवतात
त्या दिवसांत ती शाळेत नसते.
म्हणून संप्रेरके मी ऑगस्टमधून उचलली,
जानेवारीत ठेवली. कारण लिहायचं होतं.
"हंगाम" असं लिहिलं.
सरांना ते हवामानाबद्दल वाटेल, वाटू दे.
तिचा तो महिना परत कसा आणायचा,
याला मात्र तक्त्यात जागा नाही.

सहावा रकाना जवळजवळ भरला.
एक ओळ सोडून.

ओवी धात्रक. तिसरा बाक, भिंतीकडे.
पासष्ट टक्के, अक्षर नीट, गैरहजेरी शून्य.
तिच्यापुढे काय लिहू?
वर्षभरात मी तिच्याकडे एकदाही थांबले नाही,
थांबावं लागलं नाही.
आठवून आठवून एवढंच आठवतं :
प्रयोग संपल्यावर बाकीचे धावायचे,
ती काचपट्ट्या धुवायची,
आणि उजेडात धरून
बराच वेळ काहीतरी बघायची.

धुतलेल्या काचेत काय असतं?

खैरनार मामा किल्ल्या वाजवताहेत.
ओवीची ओळ तशीच राहू दे.
पंधरा तारखेला शाळा भरेल.
पहिल्या तासाला मी तिच्या शेजारी बसेन, काही न शिकवता.