दोनशे बारा

ईरीत एप्रिल म्हणजे उरलंसुरलं बर्फ,
गटाराच्या कडेला काळं पडलेलं.
पावलाकांच्या दारात गराज सेल:
वाफल्सचं यंत्र, काटा नसलेलं घड्याळ
आणि बुटांच्या खोक्यात रबरानं आवळलेली
बेसबॉलची कार्डं.
झाकणावर पेन्सिलीनं लिहिलेलं,
लेनचं आहे. हात लावलात तर बघा.

मी लावला.
सून म्हणाली, तीन डॉलर. सासरे नोव्हेंबरात गेले.
माझ्या ओठांवर सवयीनं दोन आलं होतं,
ते गिळलं.

बेसबॉल मला कळत नाही.
इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
जेवणाच्या सुट्टीत माना डोलावल्या, इतकंच.
पण मिरजेत रुळांच्या कडेनं
काड्यापेट्यांचे छाप वेचलेत मी.
एका जहाजाला चार वाघ
हा भाव अजून पाठ आहे.

एका कार्डावर खेळाडूच नव्हता.
नुसती यादी, एक ते चारशे सात,
दर नावाआधी मुंगीएवढा चौकोन
आणि चौकोनात लेनच्या खुणा.
पिसूबाजारातला ड्वाइट भिंग लावून म्हणाला,
खुणा केल्या की किंमत गेली.
कोरी असती तर बोललो असतो.
म्हणजे ज्या पोरानं काही जमवलंच नाही
त्याची यादी महाग.

खुणा तीनशे एकोणीस.
कार्डं तीनशे अठरा.
मी मोजली, परत मोजली, मग हेमांगीनं मोजली,
ती बँकेत कॅशला होती.
अठराच.
दोनशे बाराला खूण आहे,
दोनशे बारा नाही.

अठ्ठ्याऐंशी नव्हतीच.
एक होतं.

मग चार हिवाळे.
बफेलो, अ‍ॅश्टाब्युला, जिरार्डच्या चर्चचं तळघर,
जिथं माझ्यासारखेच टकले
आपापले आकडे पुटपुटत फिरतात.
कार्डांची मागची बाजू मी आधी वाचायचो.
हा हिवाळ्यात विमा विकतो.
याला बदकांच्या शिकारीचा नाद.
हा वडिलांच्या शेतावर दूध काढतो.
तीनशे पाचनं बर्फ उडवायच्या यंत्राचे पैसे खाल्ले,
तो मोठा माणूस होता म्हणे.
त्या साली अंगण फावड्यानं उपसलं
आणि हेमांगी खिडकीतून
चहाचा कप दाखवत राहिली, दिला नाही.

नवं कार्ड आलं की खूण करायची
ती लेनसारखी:
डावा पाय आखूड, उजवं शेपूट
रेघ ओलांडून शेजारच्याच्या अंगणात.
गॅसच्या बिलामागे गिरवून गिरवून बसली.
हेमांगी म्हणाली, खोट्या सह्या करायला लागलास.

दोनशे बारा सगळ्यात शेवटी मिळालं.
महाग म्हणून नव्हे.
ऑर्विल टेंच, राखीव कॅचर,
सबंध मोसमात सत्तावीस वेळा बॅट हातात.
असल्यांना कुणी जपत नाही,
कुणी विकायलाही मांडत नाही.
अ‍ॅश्टाब्युलातल्या बाईनं दुसऱ्या दोन कार्डांवर
कोथिंबिरीसारखं वर टाकलं.

मधोमध मुरड. कडेला लाकडी चिमट्याचे दात.
कुणीतरी सायकलच्या आऱ्यांत लावून
फटफटीचा आवाज काढत
उतारावरून सुसाट गेलेलं.

ते हेच, असं मी म्हणत नाही.
असली ढिगानं छापली होती
आणि सायकली घरोघर होत्या.

रात्री स्वयंपाकघरात यादी काढली.
पेन्सिलीला टोक केलं,
फुंकर मारली, चष्मा पुसला.
दोनशे बाराच्या चौकोनात
खूण होतीच.

पेन्सिल तशीच हातात.
हेमांगीनं आतून विचारलं, झालं का रे?
मला पटकन सांगता येईना.

यादी सगळ्यांच्या वर ठेवली,
नवं रबर घातलं.
जुनं केव्हाच तुटून
झाकणाला आतून चिकटलंय,
ते खरवडलं नाही.